चर्चिलचा विजनवास आणि संसार (१९२९-३९): पडद्यावर कसा मांडायचा?

(एका पटकथाकाराचा प्रश्न आणि त्याला आलेली उत्तरं. प्रत्येक मजकुरावरचं नाव हे लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

पहिला खर्डा

चार भागांच्या मालिकेची पटकथा चालू आहे, प्रत्येक भाग साधारण ५० मिनिटांचा. काळ जून १९२९ ते ३ सप्टेंबर १९३९, म्हणजे अर्थमंत्रिपद गेलं तिथपासून नौदल खातं पुन्हा हाती आलं तिथपर्यंत. युद्ध, तळघरातल्या बैठका, रेडिओवरची गाजलेली भाषणं यातलं काही घ्यायचं नाही. केंद्रस्थानी दोनच गोष्टी: राजकीय विजनवास आणि विन्स्टन-क्लेमेंटाइनचा संसार.

खर्ड्यात तीन दोष दिसतात. पुढे युद्ध होणार हे प्रेक्षकाला माहीत असल्यामुळे प्रत्येक प्रसंगात चर्चिल द्रष्टा आणि बाकी सगळे आंधळे ठरतात, त्यामुळे संघर्षच उरत नाही. क्लेमेंटाइन दारात उभी राहून काळजी करणारी बायको झाली आहे. आणि विजनवास म्हणजे काही न घडणं, ते दाखवायला बागेत फिरणं आणि सिगार यापलीकडे काही सुचलेलं नाही. सभागृहातली भाषणं किती ठेवावीत, हाही प्रश्न आहेच. नेमक्या सूचना हव्या आहेत.

जुनी कात्रणं

पहिल्या दोषाचं मूळ कालक्रमात आहे. विजनवासाची सुरुवात हिटलरमुळे झाली नाही, हिंदुस्थानमुळे झाली. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने स्वराज्य देण्याच्या व्हाइसरॉय आयर्विनच्या धोरणाला पक्षनेता बाल्डविनने पाठिंबा दिला म्हणून २७ जानेवारी १९३१ रोजी चर्चिल पक्षाच्या वरिष्ठ वर्तुळातून बाहेर पडला. हिटलर चॅन्सेलर व्हायला अजून दोन वर्षं होती. २३ फेब्रुवारी १९३१ला आपल्याच मतदारसंघाच्या पक्षसभेत त्याने गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं आणि दहा दिवसांनी, ५ मार्चला, गांधी-आयर्विन करार झाला. ऑगस्ट १९३५ मध्ये हिंदुस्थानचा कायदा संमत होईपर्यंत त्याची सगळी ताकद या लढाईत गेली, आणि ती तो हरला.

बहुतेक पटकथा हा भाग दोन वाक्यांत उरकतात, कारण नायक त्यात वाईट दिसतो. पण पुढे लोकांनी त्याचं का ऐकलं नाही, याचं उत्तर इथेच आहे. एप्रिल १९३४ मध्ये त्याने हिंदुस्थानमंत्री सॅम्युअल होर आणि लँकेशायरचा बडा पुढारी लॉर्ड डर्बी यांच्यावर आरोप केला की हिंदुस्थानच्या सुधारणांबद्दलची मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची साक्ष त्यांनी दबाव आणून बदलायला लावली. प्रकरण संसदेच्या विशेषाधिकार समितीकडे गेलं, जूनमध्ये समितीने आरोप फेटाळला आणि सभागृहात त्याची नाचक्की झाली. त्यानंतर जेमतेम साडेपाच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १९३४ला, तो त्याच सभागृहात उभा राहून जर्मन हवाई दलाबद्दल इशारा देतो. आवाज तोच, विशेषणं तितकीच जड. ऐकणाऱ्याने हा इशारा वेगळा का मानावा? हे दोन प्रसंग एकाच भागात, मध्ये फार तर दहा मिनिटं ठेवून लावा. तुमचे बाकीचे सगळे आपोआप आंधळे दिसायचे थांबतील.

बाल्डविनला मूर्ख ठरवू नका, त्याला त्याची बाजू द्या. पहिलं महायुद्ध संपून पंधरा-सोळा वर्षंच झाली होती आणि घराघरात मेलेल्या मुलांचे फोटो लागलेले होते. ऑक्टोबर १९३३ मधली लंडनच्या ईस्ट फुलहॅमची पोटनिवडणूक सरकारने गमावली आणि त्याचा अर्थ 'लोकांना शस्त्रं नकोत' असाच लावला गेला. शिवाय चर्चिलचे विमानांचे आकडे प्रत्येक वेळी बरोबर नव्हते, काही वेळा ते फुगलेले होते. २२ मे १९३५ला बाल्डविनने आपला अंदाज चुकल्याची कबुली सभागृहात दिली. ती कबुली चर्चिलच्या चेहऱ्यावर न तोलता बाल्डविनच्याच चेहऱ्यावर ठेवा, तिथे जास्त नाट्य आहे.

एक प्रसंग मात्र अवश्य घ्या. कायदा संमत झाल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९३५ मध्ये, घनश्यामदास बिर्ला चार्टवेलला, म्हणजे चर्चिलच्या केंटमधल्या घरी, जेवायला गेले होते. चर्चिल बागेत विटांच्या कामावर. बोलता बोलता त्याने सांगितलं की अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिल्यापासून गांधीजी आपल्या मनातून वर चढले आहेत. चार वर्षं ज्याच्यावर आग ओकली त्याच्याबद्दल हे उद्गार, तेही लढाई हरल्यानंतर, स्वतःच्या टेबलावर. हे तुम्हाला रचावंही लागणार नाही.

संकलनमेज

विजनवास दाखवायचा तर 'बोलावणं आलं नाही' हेच घटना म्हणून वापरा. असं चार वेळा झालं, आणि तुमचे भागही चार आहेत. ऑगस्ट १९३१ मध्ये राष्ट्रीय सरकार बनलं, त्यात तो नाही. नोव्हेंबर १९३५ची निवडणूक पक्षाने मोठ्या बहुमताने जिंकली, तरीही नाही. मार्च १९३६ मध्ये जर्मन फौजा ऱ्हाइनलँडमध्ये शिरल्या त्याच आठवड्यात संरक्षण समन्वयाचं नवं मंत्रिपद भरायचं होतं. ते आपल्याला मिळेल अशी त्याला खरी आशा होती, मिळालं थॉमस इन्स्किपला. आणि मे १९३७ मध्ये चेंबरलेन पंतप्रधान झाला, त्याच्या मंत्रिमंडळातही नाही. प्रत्येक भागात यातली एक वाट पाहणं ठेवलं की कणा तयार होतो.

वाट पाहणं चित्रित करताना चूक अशी होते की माणूस फोनकडे टक लावून बसलेला दाखवतात. हा माणूस असा बसणारा नव्हता. त्या दहा वर्षांत घर म्हणजे कारखाना होता: वृत्तपत्रांचे लेख, पूर्वज असलेल्या मार्लबरोच्या ड्यूकचं चार खंडी चरित्र (१९३३ ते १९३८), त्याची मुद्रितं, संशोधन-सहायक, टायपिस्ट, नकाशे. त्यामुळे रिकामपण दाखवायचं ते प्रचंड कामाच्या मधोमध दाखवा. मजकूर सांगणं चालू आहे, फोन वाजतो, सांगणं वाक्याच्या मध्ये तुटतं, फोन प्रकाशकाचा निघतो, आणि वाक्य तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. पंचवीस सेकंद पुरतात. संगीत टाकू नका.

तसंच, विजनवास पूर्ण नव्हता. जुलै १९३५ मध्ये बाल्डविनने त्याला हवाई संरक्षण संशोधनाच्या उपसमितीवर घेतलं होतं. म्हणजे गुप्त कागद हातात, पण सत्ता नाही. 'वाळीत टाकलेला माणूस' या सोप्या चित्रापेक्षा हे जास्त बोचरं आहे, कारण समितीत बसून जे कळलं ते सभागृहात उघड बोलता येत नाही.

संसदेतली भाषणं संपूर्ण मालिकेत चार ठेवा, प्रत्येकी ७० ते ९० सेकंद. दोन जिंकलेली, दोन हरलेली. हरलेल्यांपैकी ७ डिसेंबर १९३६चं सोडूच नका. ३ डिसेंबरला अल्बर्ट हॉलमध्ये शस्त्रसज्जतेच्या बाजूने मोठी सभा झाली होती, वेगवेगळ्या पक्षांचे लोक पहिल्यांदाच त्याच्यामागे उभे राहत होते. चारच दिवसांनी, घटस्फोटित स्त्रीशी लग्नापायी सिंहासन सोडायची वेळ आलेल्या राजा आठव्या एडवर्डला वेळ द्या म्हणायला तो उठला आणि सभागृहाने ओरडून त्याला खाली बसवलं. तीन वर्षांची कमाई काही मिनिटांत गेली. इथे भाषण लिहूच नका. अर्धी वाक्यं, गलका, बसणं, उठून बाहेर जाणं. अधिकृत वृत्तांतात अडथळ्यांच्या नोंदीही असतात, त्यावरूनच प्रसंग बांधता येतो.

निळी शाई

क्लेमेंटाइनबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा भाग सगळ्यांत जास्त वेळा बिघडतो आणि तो बिघडला की मालिका एकखांबी होते.

आधी त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक समजून घ्या. दोघांच्या खोल्या वेगळ्या, न्याहारी वेगळी, तीही आपापल्या पलंगावर. तो सकाळभर अंथरुणातच कागद घेऊन बसणार, दुपारी झोपणार, संध्याकाळी दुसऱ्यांदा अंघोळ, रात्रीचं जेवण साडेआठच्या सुमारास, आणि पाहुणे गेल्यावर अकरा-बारापासून पहाटे दोन-तीनपर्यंत मजकूर सांगणं. ती त्या वेळेपर्यंत झोपलेली. म्हणजे हे दोघं समोरासमोर येणार ते मुख्यतः जेवणाच्या टेबलावर, आणि तिथे बहुतेक वेळा पाहुणे. तुमच्या खर्ड्यात ते दिवाणखान्यात एकटे बसून मनातलं बोलत असतील, तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी संसार आहे.

मग ते बोलत कुठे? कागदावर. एकाच घरात असतानाही चिठ्ठ्या जात. मोठं भांडण झालं की ती तोंडी वाद घालण्याऐवजी मुद्दे लिहून पाठवायची, कारण बोलण्यात त्याच्यापुढे टिकाव लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे तुमचं सगळ्यांत मोठं साधन. पण पत्र वाचताना व्हॉइसओव्हर आणि खिडकीबाहेर पाहणारा चेहरा, ही जोडी टाळा. त्याऐवजी पत्र कामात घाला: ती लिहिते, एक ओळ खोडते, चिठ्ठी नोकराकडे जाते, ट्रेवर ठेवून वर जाते, तो वाचतो आणि सेक्रेटरीला सांगत असलेलं वाक्य बदलतो. पत्रातला मजकूर प्रेक्षकाला कळला नाही तरी चालेल, त्याचा परिणाम दिसायला हवा.

पत्रांखाली दोघं चित्रं काढत, ती मांजराचं, तो पगचं किंवा डुकराचं. ही लाडाची नावं पटकथेत एकदाच आणा, तीही कागदावर. तोंडी संवादात दर दोन पानांनी आली की गोडवा जाऊन चाळा उरतो.

आता तिचं मत. ती मूळची लिबरल वळणाची, आणि तो १९२४ला हुजूर पक्षात परतला तरी तिची वृत्ती बदलली नाही. राजाच्या पदत्यागाच्या प्रकरणात ती त्याच्या विरुद्ध होती. वृत्तपत्रमालक बीव्हरब्रुक आणि खासदार ब्रेंडन ब्रॅकन यांच्यासारख्या त्याच्या मित्रांवर तिचा विश्वास नव्हता. 'काळजी करते' याच्या जागी 'असहमत आहे, आणि कारण सांगते' असं लिहा. मे १९३७ मध्ये नवा राजा सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेक समारंभात त्याने तिच्याकडे वळून, तुझंच बरोबर होतं, असं कबूल केल्याचं कुटुंबातून सांगितलं गेलं आहे. ७ डिसेंबरच्या प्रसंगाला जोडून हे ठेवलं तर तो धागा तिच्या हातून बंद होतो.

तिच्या भीतीला इतिहास आहे, तो भूतकाळाच्या दृश्यांनी दाखवू नका. १९२१ हे एकच वर्ष: एप्रिलमध्ये तिचा भाऊ बिल होझिएरने पॅरिसच्या हॉटेलात स्वतःला गोळी घातली, ऑगस्टमध्ये मॅरिगोल्ड ही मुलगी तीन वर्षांचीही नसताना गेली. बिल जुगारी होता, आईलाही जुगाराचा नाद होता. त्यामुळे विन्स्टन फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर कॅसिनोत बसला की तिला जे वाटतं ती कंजूष बायकोची चिडचिड नाही. अभिनेत्रीला हे माहीत असू द्या, संवादात फार तर एक ओळ.

चार्टवेलचंही तसंच. १९२२ मध्ये त्याने ते ५,००० पौंडांना घेतलं ते तिची पुरती संमती न घेता, आणि दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या कितीतरी पट झाला. तिला ते घर कधीच मनापासून आवडलं नाही. तरी ते चालवलं तिनेच: नोकर, हिशेब, सतत येणारे पाहुणे. म्हणून त्या घराचं चित्रण करताना कॅमेरा दोन प्रकारे वापरा. त्याच्यासोबत असताना खिडकीतून दिसणारी दरी, तळी, काळे हंस. तिच्यासोबत असताना जिना, स्वयंपाकघर, बिलं, ओल. एकच घर, पण दोघांची घरं वेगळी.

आणि 'रोझॉरा'ची सफर. डिसेंबर १९३४ ते एप्रिल १९३५ ती लॉर्ड मॉइन या मित्राच्या नौकेवरून पूर्वेकडच्या बेटांवर गेली, कोमोडोचे मोठे सरडे आणण्याच्या मोहिमेत. सोबत टेरेन्स फिलिप हा कलाव्यापारी होता, तिच्याहून तरुण. इथे प्रत्येक पटकथाकाराचा हात शिवशिवतो. शय्यादृश्य लिहू नका, त्याला आधार नाही. आणि लिहिलंत तर ती सफर एका पुरुषाची गोष्ट होते. खरी गोष्ट ही की पन्नाशीला टेकलेली बाई पहिल्यांदाच चार महिने कुणाचंही वेळापत्रक न सांभाळता जगली. त्या काळात तो तिला 'चार्टवेल बुलेटिन' म्हणून लांबलचक पत्रं पाठवत होता: तळ्याचं काम, प्राणी, राजकारण. त्याच पत्रांत राँडॉल्फची भानगडही आहे. फेब्रुवारी १९३५ मध्ये हा मुलगा बापाला न विचारता लिव्हरपूलमधल्या वेव्हरट्रीच्या पोटनिवडणुकीत हिंदुस्थानच्या प्रश्नावर अपक्ष उभा राहिला, पक्षाची मतं फुटली आणि जागा मजूर पक्षाकडे गेली. बाप अडचणीत, घर सांभाळणारी हजारो मैलांवर. तुमचा दुसरा भाग इथेच आहे.

परतताना तिने बालीहून एक पारवा आणला होता. तो मेल्यावर चार्टवेलच्या बागेत सूर्यघड्याळाखाली पुरला आणि त्यावर ओळी कोरल्या. शेवटची प्रतिमा म्हणून हा पारवा वापरायचा मोह होईल. वापरा, पण कुणाच्या तोंडून त्याचा अर्थ सांगू नका.

तिसरी घंटा

सेट, आवाज आणि वस्तूंबद्दल लिहितो.

सभागृह. त्या काळचं हाउस ऑफ कॉमन्स १०-११ मे १९४१च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळालं, आजचं १९५० मध्ये उघडलेलं आहे आणि सजावटीला जुन्यापेक्षा साधं आहे. आजच्या फोटोंवरून सेट उभारला तर लाकडावरचं गॉथिक कोरीवकाम कमी पडतं. त्याहून मोठी चूक जागेची. १९३१ नंतर चर्चिल सरकारच्याच बाजूला बसत होता, मधल्या वाटेच्या खालच्या अंगाला, पुढच्या बाकावर. सभापतीच्या उजव्या हाताला सरकार असतं, म्हणजे मंत्री त्याच्या समोर नसून त्याच्याच रांगेत, डावीकडे. कलादिग्दर्शक नाट्यासाठी त्याला विरोधी बाकांवर नेतात आणि बाल्डविनकडे बोट दाखवायला लावतात. खरी रचना जास्त उपयोगाची आहे: टीका करताना त्याला मान डावीकडे वळवावी लागते, समोर माना डोलावतात ते मजूर पक्षवाले, आणि पाठीमागे आपल्याच पक्षाची शांतता. क्लोजअपमध्ये त्याच्या खांद्यामागचे चेहरे धूसर ठेवू नका, तेच प्रतिक्रिया आहेत. समोर मायक्रोफोन ठेवू नका. हातात कागद मात्र हवेत: १९०४ मध्ये सभागृहात भाषणाचा धागा सुटल्यापासून तो टिपणांशिवाय उभा राहत नसे, आणि ती टिपणं कवितेसारखी तुटक ओळींत टाइप केलेली असत. अभिनेत्याला तशाच ओळींत छापून द्या, श्वास कुठे घ्यायचा हे आपोआप कळतं.

आवाज. अभिनेते १९४०च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांवर तयारी करतात. पण त्या वर्षी सभागृहात केलेली भाषणं तिथे ध्वनिमुद्रित झालीच नव्हती; समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याचं जे भाषण लोकांच्या कानात आहे ते १९४९ मध्ये वाचून घेतलेलं, तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. तुमच्या कथेत तो ५४ ते ६४. संदर्भ म्हणून १९३४ आणि १६ ऑक्टोबर १९३८ची रेडिओ भाषणं ऐकवा. 'स'च्या उच्चारातला दोष ठेवा, पण घरातल्या प्रसंगांत निम्म्याने कमी करा, नाहीतर नक्कल वाटते. घरी तो वाक्यं पुटपुटत, चव घेत तयार करायचा; भाषणाचा सूर तिथे आणू नये.

वय हाच निवडीतला मोठा घोळ. सत्तरीचा अभिनेता घेतला की विजनवास निवृत्तीसारखा दिसतो. विजनवास टोचतो तो अंगात जोर असताना. क्लेमेंटाइन त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, कथेत ४४ ते ५४. उंचीत फार फरक नको, तो साडेपाच फुटांच्या थोडाच वर होता.

मेकअप. सिलिकॉनचे जाड गाल आणि हनुवटी लावली की रोज तीन तास सहज जातात, आणि जबडा अडकल्यामुळे नेमकी व्यंजनं बिघडतात, म्हणजे ज्या बोलण्यासाठी हा खटाटोप तेच जातं. मानेचा तुकडा, केसांची मागे सरलेली रेषा आणि अंगावरची भर एवढ्यावर भागवा, गाल मोकळे ठेवा. दिव्यांखाली घामाने कडा सुटतात. लांबलचक जेवणाचा प्रसंग दिवसाच्या पहिल्या चार तासांत उरका.

सिगार. तो सतत धूर काढत नसे, बराच वेळ विझलेलीच तोंडात असे, टोक चघळून भिजू नये म्हणून तपकिरी कागदाची पट्टी गुंडाळलेली. प्रत्येक प्रसंगासाठी पाच लांबीचे तुकडे आधीच कापून क्रमांक घालून ठेवा आणि कंटिन्युइटीच्या वहीत संवादाच्या ओळीशी क्रमांक लिहा. हे न केल्यास संकलनात सिगार वाढते. व्हिस्की म्हणजे तळाशी थेंब आणि वर सोडा. ग्लासातला रंग जवळजवळ पाण्याचा हवा. गडद ग्लास हातात दिला की प्रेक्षक दारुड्या समजतो. दोन बोटांची विजयाची खूण १९४१ची, तिला इथे थारा नाही. 'काळा कुत्रा' हा नैराश्याचा शब्दही जपून वापरा: तो येतो १९११च्या पत्रात, क्लेमेंटाइनला लिहिलेल्या. दर भागात तो शब्द आला की दहा वर्षांचं राजकारण आजारपण होऊन बसतं.

टाइपरायटर कमी आवाजाचा हवा. खडखडाट त्याला सहन होत नसे. त्यामुळे रात्रीच्या दृश्यांचा ध्वनी म्हणजे पावलं, पुटपुट, लांब शांतता आणि मग कळांची हलकी टपटप.

पहिला खर्डा

खूप उपयोग झाला. दुसरा भाग 'रोझॉरा'भोवती पुन्हा बांधतो. तीन गोष्टी उरल्या. चर्चिलला सरकारातली गुप्त माहिती पुरवणारी माणसं, डेस्मंड मॉर्टन, राल्फ विग्रॅम आणि हवाई दलातला अँडरसन, यांचं एकच पात्र करू का? पैशाची ओढाताण हिशेबाच्या वह्यांशिवाय कशी दाखवू? आणि तिसऱ्या-चौथ्या भागात क्लेमेंटाइनकडे कृती कमी पडते आहे.

जुनी कात्रणं

एक पात्र करू नका, कारण तिघांची पणाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. मॉर्टन औद्योगिक गुप्तवार्तेचा प्रमुख आणि जवळच राहणारा, निवांत येऊन जाणारा. अँडरसन गणवेशातला अधिकारी, त्याची शिस्त मोडते आहे. विग्रॅम परराष्ट्र खात्यातला, आजारी, आणि आतून जळणारा. फार तर अँडरसन गाळा. अंधाऱ्या गल्लीत पाकीट देणं वगैरे नको, हे लोक चार्टवेलला जेवायला येत आणि कागद टेबलावर निघत. त्या टेबलावर क्लेमेंटाइनही असायची, हे विसरू नका. म्हणजे ती गुपितात सामील आहे.

विग्रॅम ३१ डिसेंबर १९३६ला गेला, वय ४६. मृत्यू आत्महत्येने झाला असं दाखवू नका. ७ डिसेंबरची नामुष्की आणि हा मृत्यू यांत तीन आठवडे आहेत. अंत्यविधीनंतर चर्चिल दांपत्याने शोकाला आलेल्यांना चार्टवेलला जेवू घातलं. तिसऱ्या भागाचा शेवट तोच, टेबलावर एक खुर्ची कमी.

पैशासाठी १९३८चा मार्च घ्या. न्यूयॉर्कचे शेअर कोसळले आणि चार्टवेल विकायला काढायची वेळ आली, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला त्याच दिवसांत. सर हेन्री स्ट्रॅकोशने सुमारे १८,००० पौंडांचा बोजा उचलला आणि घर वाचलं. स्ट्रॅकोश हा तोच माणूस, जो त्याला जर्मनीच्या शस्त्रखर्चाचे आकडे पुरवत होता. दोन वेगळी दृश्यं करू नका. एकाच भेटीत आधी आकड्यांचा कागद, मग कर्जाची गोष्ट, आणि जाताना दारात क्लेमेंटाइन. मदतीची लाज आणि सुटकेचा श्वास तिच्याकडे ठेवा. घराच्या विक्रीला तिची हरकत नसती, हेही त्यात आहे.

याआधीचं एक तयार दृश्य: १३ डिसेंबर १९३१, न्यूयॉर्कचा फिफ्थ अव्हेन्यू. रस्ता ओलांडताना त्याने इंग्लंडच्या सवयीने चुकीच्या बाजूला पाहिलं आणि मोटारीने उडवलं. शेअरच्या पडझडीत गेलेले पैसे व्याख्यानांतून भरून काढायला तो तिथे गेला होता. क्लेमेंटाइन आणि मुलगी डायना सोबत होत्या. बरा होता होता त्याने त्या अपघातावरच लेख लिहून विकला, आणि धडकेचा जोर किती होता याचं गणित भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक लिंडेमानकडून तारेने मागवलं. पैशाची निकड आणि माणसाचा स्वभाव दोन्ही एका खाटेवर.

निळी शाई

शेवटच्या भागात क्लेमेंटाइनसाठी १९३९ची सुरुवात. ती पुन्हा 'रोझॉरा'वर, यावेळी वेस्ट इंडीजमध्ये; मॉइन शाही आयोगाचा अध्यक्ष म्हणून तिथे होता. नौकेवर मंडळी रेडिओ ऐकत असताना प्रसारणात विन्स्टनसारख्यांवर टीका झाली आणि पाहुण्यांपैकी व्हेरा ब्रॉटन यांनी मोठ्याने दाद दिली. क्लेमेंटाइनने वाद घातला नाही. सामान भरलं आणि दुसऱ्या बोटीने घरी निघाली.

दुसऱ्या भागात हीच नौका तिच्या मोकळेपणाची जागा होती. तोच डेक, तशाच वेताच्या खुर्च्या, शक्य तर कॅमेऱ्याचा तोच कोन ठेवा. संवाद एकही लागत नाही. रेडिओ, दाद, तिची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, मग बॅगेचं कुलूप. नवऱ्याशी दहा वर्षं भांडणारी बाई त्याच्यावर दुसऱ्याने केलेला वार सहन करत नाही, हे एका कृतीत येतं आणि ती कृती पूर्ण तिची आहे.

आणि हो, तिचा राग दाखवायला घाबरू नका. तिने एकदा त्याच्या दिशेने पालकाची डिश भिरकावली होती आणि ती भिंतीवर बसली. असं एक दृश्य पहिल्या भागात असलं की नंतरची तिची शांतता दुबळेपणा वाटत नाही.

संकलनमेज

शेवटासाठी 'विन्स्टन परतला' असा संदेश सगळ्या जहाजांना गेल्याची गोष्ट वापरू नका. तिला समकालीन कागदाचा आधार मिळत नाही, आणि ती वापरली की शेवट टाळ्यांचा होतो.

३ सप्टेंबरची सकाळ घ्या. वेस्टमिन्स्टरमधला मॉर्पेथ मॅन्शन्सचा फ्लॅट, सव्वा अकराला युद्ध सुरू झाल्याचं चेंबरलेनचं रेडिओवरचं निवेदन, ते संपतं न संपतं तोच हवाई हल्ल्याचा भोंगा. दोघं गच्चीवर जातात. लंडनच्या छपरांवरून शत्रूच्या विमानांना अडवणारे तीस-चाळीस मोठे फुगे हळूहळू वर चढताना दिसतात. मग ब्रँडीची बाटली घेऊन रस्त्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या निवाऱ्याकडे. नौदल खात्याचं बोलावणं दुपारचं आहे, ते दाखवायची गरज नाही. चार भाग ज्याची वाट पाहिली ते दाराबाहेर ठेवून गच्चीवरच थांबा: दोघांच्या पाठी, समोर फुगे, भोंगा चालू. फुगे संगणकावर करायचे तर वेग कमी ठेवा. पटकन वर गेले की खेळण्यातले दिसतात.